लातूरहून मार्माराला

‘स्त्रियांचं नेतृत्व आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’ असा विषय संपादकांनी दिला आणि वर बजावलं, की परिषदांचं वर्णन नको, ते वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेला २०२५ मध्ये तीस वर्षं झाली. त्यानिमित्ताने ठरावांची उजळणी, आकड्यांची जुळवाजुळव आणि ‘अजून बरंच गाठायचं आहे’ छापाची भाषणं सगळीकडे चालू होती. मी लातूरची गाडी धरली.

त्याला कारण होतं एक जुनी पुस्तिका. न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलने २००५ साली ती काढली होती. तुर्कस्तानातल्या आयशे योंदेर आणि शेंग्युल आकचार आणि आपल्याकडच्या प्रेमा गोपालन या तिघींनी ती लिहिली. मराठवाडा, तुर्कस्तानातला मार्मारा आणि गुजरात हे तीन भूकंप तिच्यात शेजारीशेजारी मांडले आहेत आणि तिन्ही ठिकाणी बायकांनी पुढे काय केलं एवढ्यापुरतंच बोलणं आहे. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या, कधी जिल्ह्याबाहेर न पडलेल्या बायका तुर्कस्तानातल्या तंबूत जाऊन तिथल्या भूकंपग्रस्त बायकांशी बोलल्या, ही हकिगत तिथे थोडक्यात येते. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही ठरावापेक्षा मला ती जास्त कामाची वाटत आली आहे.

पट्टा

औसा तालुक्यातलं एक गाव. घर जुनंच आहे, काळ्या दगडाचं, पण दारं-खिडक्यांच्या वरच्या अंगाला सिमेंटचा एक आडवा पट्टा चारी भिंतींवरून फिरलाय. घराला कमरपट्टा बांधावा तसा. घराची मालकीण साठी ओलांडलेली. तिने पट्ट्यावर हात ठेवला आणि मग बोटाने भिंतीतला एक दगड दाखवला. “ह्यो आरपार हाय. हिकडनं तिकडं. असले दगड घातल्याबिगर पुढचा हप्ता घ्यायचा न्हाई, असं आमी ठरवलंतं.” तिच्या सुनेला हे ऐकून ऐकून पाठ झालं असावं, ती आत चहाला गेली.

त्या दगडाचं महत्त्व समजायला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेकडे जावं लागतं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. जगात त्याहून मोठे धक्के दर वर्षी बसतात आणि पुष्कळदा माणसं त्यातून वाचतात. इथे सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण घरांची बांधणी. मराठवाड्यातलं माळवदाचं घर उन्हाळ्यात गार राहतं, ते त्याच्या जाड भिंतींमुळे आणि छतावरच्या मातीमुळे. भिंत म्हणजे दगडांचे दोन पडदे, मध्ये चिखल आणि भर. दोन्ही पडद्यांना जोडणारा आरपार दगड घालायची पद्धत हळूहळू सुटली होती. छतावर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडायचा, असा वर्षानुवर्षांचा फूट-दोन फुटांचा बोजा साचलेला. धक्का बसला तेव्हा भिंती पोट फुगल्यासारख्या बाहेर फुटल्या आणि वरची माती खाली झोपलेल्यांवर आली.

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा केला. पार मोडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथे घराचं माप कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. घरात माणसं किती राहिली, विधवा किती, पोरकी मुलं कुणाकडे, याला त्या मापात जागा नव्हती. कागदावर जमीन किती तेवढं छप्पर. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

पण त्याहून कितीतरी अधिक गावं अशी होती, की घरं पडली नव्हती, तडकली होती. अशी हजाराहून जास्त गावं. तिथे सरकार घर बांधून देणार नव्हतं; मालकाने सरकारी मदतीतून स्वतःच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करून घ्यायचं होतं. कल्पना चांगली, पण मालकाला माहिती कोण देणार? कनिष्ठ अभियंत्याकडे गावांची रांग. गवंडी म्हणतो, तीस वर्षं असंच बांधतोय. अशा वेळी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेवर लोकसहभागाची बाजू सोपवण्यात आली. संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी मुंबईच्या ‘स्पार्क’मध्ये, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसोबत काम केलेलं होतं. घर या विषयावर बायकांना बोलतं करायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. गावोगाव नावापुरती महिला मंडळं होती, फलकापुरती. ती जागी केली गेली आणि गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं.

पाणी कोण मारतं

संवाद सहायक काय करायची? मदतीचे टप्पे कोणते, कागद कोणते, यादीत नाव नसेल तर कुणाकडे जायचं, हे घरोघर सांगायची. छतावरची माती किती काढायची, लाकडी खांब आणि तुळई यांना आधार कुठे ठोकायचा, कोपरे कसे बांधायचे, हे आधी एका नमुन्याच्या घरावर शिकायचं आणि मग गल्लीतल्या दहा जणींना दाखवायचं. वाळूत माती आहे का हे मुठीत धरून बघायचं. गवंड्याच्या हातात ओळंबा आहे का, की तो डोळ्यानेच भिंत चढवतोय, हे विचारायचं. सुरुवातीला गवंडी चिडायचे. औशाच्या त्या मावशींच्या गल्लीत एकाने काम सोडून जायची धमकी दिली. “जा म्हणलं. पर जाताना बांधलेलं पाडून जा.” गेला नाही.

आता यात ‘सक्षमीकरण’ कुठे आलं, असं एखाद्या अधिकाऱ्याने विचारलं असतं तर त्याला पाणी दाखवावं लागलं असतं. सिमेंटचं काम झाल्यावर त्यावर दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं. नाहीतर ते कच्चं राहतं. मराठवाड्यात, त्यातून उन्हाळ्यात, ते पाणी आणणार कोण? बाई. विहीर लांब, हंडे तिच्या डोक्यावर. म्हणजे बांधकामाचा दर्जा कितीतरी प्रमाणात तिच्याच हातात होता, फक्त तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि मजुरीच्या पत्रकात त्याची नोंद नव्हती. पाणी का मारायचं हे कळल्यावर ‘किती दिवस मारायचं’ हे सांगण्याचा अधिकार तिला आला. तिथून गवंड्याला प्रश्न, मग अभियंत्याला प्रश्न, मग ग्रामसभेत प्रश्न. भाषणाने हे झालं नसतं.

याच काळात पंचायतीत स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या होत्या. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायकांना ग्रामपंचायतीतली खुर्ची निराळी वाटली नाही. ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी मराठवाड्यात तेव्हाही होता, आजही आहे. पण ज्या बाईने शंभर घरांचे हप्ते सोडवून आणलेत तिच्या जागी बसायला तो जरा कचरतो.

जमेची बाजू सांगितली, आता उणी सांगतो. दुरुस्तीचा कार्यक्रम संपला, कर्जाचा पैसा संपला आणि संवाद सहायक हे पदही त्याबरोबर संपलं. सरकारी यंत्रणेत त्याचं काहीच उरलं नाही. उरल्या त्या बायका आणि त्यांचे बचत गट.

चिखलातलं हुआइरो

या बायका तुर्कस्तानात पोचल्या कोणत्या वाटेने? भारताने स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर जुलै १९९३ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. किल्लारीच्या भूकंपाच्या जेमतेम तीन महिने आधी. या दोन घटनांचा त्या वेळी एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पुढे १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा या कराराचा आधार घेतला. दिल्लीत सही केलेला कागद अशा वाटेने कधीकधी जमिनीवर येतो. पण ती वाट कोर्टातून जाते आणि खेड्यातल्या बाईला कोर्ट लांब.

दुसरी वाट बीजिंगहून निघाली, तीसुद्धा मुख्य सभागृहातून नव्हे. सप्टेंबर १९९५ मध्ये १८९ देशांचे प्रतिनिधी बीजिंगमध्ये जमले आणि बिगरसरकारी संस्थांचं संमेलन मात्र चीन सरकारने शहरापासून कोसभर नव्हे, तर जवळपास पन्नास किलोमीटर दूर हुआइरो नावाच्या ठिकाणी हलवलं. पाऊस, चिखल, अर्धवट उभी राहिलेली बांधकामं, छत्र्या घेऊन फिरणाऱ्या हजारो बायका. तिथे तळागाळातल्या संघटनांचा एक तंबू होता. ‘ग्रूट्स’ या जाळ्याने तो उभारलेला. त्या तंबूतल्या ओळखींतून पुढे ‘हुआइरो कमिशन’ नावाची आघाडी तयार झाली. गावाबाहेर काढलेल्या संमेलनाच्या जागेचंच नाव तिने घेतलं. लातूरची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ आणि इस्तंबूलची एक महिला संस्था या जाळ्यामुळे एकमेकींना आधीपासून ओळखत होत्या, आणि ती ओळख वेळेला उपयोगी पडली.

इझमितचे तंबू

१७ ऑगस्ट १९९९. पुन्हा पहाट, ३ वाजून २ मिनिटं. तुर्कस्तानाच्या मार्मारा समुद्राकाठचा औद्योगिक पट्टा: इझमित, ग्योल्जुक, आदापाझारी, यालोवा. सरकारी आकडा १७ हजारांवर मृतांचा. मराठवाड्यात दगड-मातीने माणसं मारली, इथे काँक्रीटने. चार-पाच मजली इमारती, सळई कमी, वाळू खारट, परवानग्या ढिल्या. तंबूंची शहरं उभी राहिली.

इस्तंबूलची ती संस्था म्हणजे ‘कादन एमेईनी देएरलेंदिरमे वाक्फी’. १९८६ पासून गरीब वस्त्यांत बायकांच्या मदतीने बालकेंद्रं चालवणारी. तंबूंच्या वसाहतीत तिने तेच केलं: आधी मुलांसाठी एक मोठा तंबू. आई मूल सोडायला येते, चहाला थांबते, थांबली की बोलते. महिनाभरात तो तंबू बायकांच्या बैठकीची जागा झाला. पक्की घरं कधी, कुठे, कुणाला, हे विचारायला अधिकाऱ्यांना तिथेच बोलावलं जाऊ लागलं.

लातूरच्या बायका गेल्या त्या या टप्प्यावर. त्यांच्याकडे सांगायला सहा वर्षांचा अनुभव होता आणि तो नेमका तिथल्या बायकांच्या पुढच्या सहा वर्षांचा होता. तंबूतून पत्र्यात आणि पत्र्यातून पक्क्या घरात जायला किती काळ लागतो. त्या काळात कोणत्या याद्या लागतात. यादी लागल्यावर हरकत घ्यायला किती दिवस मिळतात. एकटीने कार्यालयात गेलं तर ‘साहेब नाहीत’ आणि वीस जणी गेल्या तर साहेब असतात. बांधकाम चालू असताना जाऊन बघा, ताबा घेताना नव्हे. पुढे मार्मारातल्या बायकांचे गट पक्क्या घरांच्या जागांवर फेऱ्या मारून कामं तपासू लागले.

शिकणं एका बाजूचं नव्हतं. मुलं कुणाकडे ठेवायची, या प्रश्नापाशी मराठवाड्यातल्या किती बैठका अडल्या होत्या! लेकरू कडेवर, म्हातारी सासू घरी, सहा वाजले की चूल. ‘आधी मुलांची सोय, मग सभा’ ही तुर्की बायकांची रीत साधी दिसते, पण आपल्याकडच्या कित्येक शासकीय कार्यशाळांत ती आजही कुणाला सुचत नाही. निमंत्रणपत्रिकेवर दीपप्रज्वलनाची वेळ असते, पाळण्याची नसते.

कागदाचा मुद्दा तिथेही निघाला. पक्क्या घरावर हक्क कुणाचा? ज्याच्या नावावर मोडलेलं घर होतं त्याचा. भाडेकरूंना काही नाही. गिरणी-कारखान्यांच्या त्या पट्ट्यात भाड्याने राहणारी कुटुंबं भरपूर होती, आणि घर मालकीचं असलं तरी ते नवऱ्याच्या नावावर असायचं. लातूरला जमिनीच्या मापाने छप्पर दिलं, तिथे मालकीच्या कागदाने. भाषा, धर्म, सरकार सगळं वेगळं आणि अडचण हुबेहूब तीच, हे दोन्हीकडच्या बायकांना दुभाष्यांच्या दुहेरी साखळीतूनही चटकन कळलं.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानाच्या दक्षिण भागात मार्मारापेक्षाही भीषण भूकंप झाला. त्या देशात ५० हजारांवर माणसं गेली. मुलांचा तंबू, बायकांची बैठक हीच रीत इस्तंबूलच्या त्या संस्थेने तिथे पुन्हा वापरली.

कच्छचा प्रश्न: नवरा काय म्हणाला?

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरला तेव्हा मराठवाड्यातल्या बायकांना बोलावणं लागलं नाही. औशाच्या मावशी स्वतः त्या वेळी गेल्या होत्या. ट्रंकेत साड्या किती, भाकऱ्या किती हे त्यांना अजून आठवतं. तिथल्या गावात पुरुष ओट्यावर, बायका घुंगटात आत. सरकारी गाडीतून उतरलेल्या माणसाला आतल्या बायकांनी काही विचारलं नसतं. या तिघी-चौघी मात्र सरळ चुलीपाशी जाऊन बसल्या.

कच्छच्या बायकांनी पहिला प्रश्न भूकंपाचा विचारला नाही. विचारलं, तुम्ही एवढ्या लांब आलात, नवरा काय म्हणाला? मावशी हसून सांगतात, “म्या म्हणलं, आधी लई बोंबलला. मग हप्ता आणला तवा गप बसला.” या उत्तरात जे आहे ते कुठल्याही प्रशिक्षणपुस्तिकेत सापडणार नाही. नेतृत्व घ्यायचं तर घरात काय किंमत पडते, सासूला कसं वळवायचं, गावात कुजबुज झाली तर काय करायचं, हे विचारायला समोर तशाच घरातली बाई लागते. कच्छमध्ये पुढे बायका गवंडीकामही शिकल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर गुजरात आणि महाराष्ट्रातल्या बायका नागपट्टिणमला गेल्या. तिथे मच्छीमारांची पंचायत पुरुषांची, मदतीचं वाटप तिच्या हाती. तिथल्या बायकांनी आरोग्य आणि स्वच्छतेच्या कामातून शिरकाव केला.

या देवाणघेवाणीचा खर्च फार नसतो: रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट, दुभाषी, चार दिवसांचं जेवण. तरीही देणगीदारांना ती पटवणं अवघड, कारण ‘फलित’ या रकान्यात लिहायचं काय? ‘गप बसला’ असं लिहिता येत नाही.

हुआइरो आणि ग्रूट्सच्या मार्फत या बायका मोठ्या मंचांवरही पोचल्या. आपत्ती कमी करण्याचा जागतिक आराखडा २००५ मध्ये जपानात कोबे इथे ठरला आणि त्यानंतरचा २०१५ मध्ये सेंदाईत. सेंदाईच्या मसुद्यात स्त्रियांचा सहभाग आणि नेतृत्व यांचा उल्लेख ठळकपणे आहे. तळच्या संघटनांनी त्यासाठी घासाघीस केली होती. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांचं नाव यात सगळ्यात जास्त ऐकू येतं. लहान वयात लग्न, अकाली वैधव्य, मग बचत गट, मग शेकडो गावांच्या सखींचं जाळं आणि तिथून परदेशातले मंच. त्यांच्यावर चित्रकथाही निघाली. अशा प्रवासाचं कौतुक करताना एक धोका मात्र दिसतो. परिषदेला ‘तळागाळातली बाई’ ही शोभेची वस्तू हवी असते: तिने साडी नेसून यावं, दहा मिनिटं दुःख सांगावं, टाळ्या घ्याव्यात. मसुदा लिहिण्याच्या खोलीत तिला बोलावलं की सहकार्य सुरू झालं, असं मी धरेन.

वरून आलेली चूल

सगळंच परदेशी सहकार्य असं जुळत नाही. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियमने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची चूल बाजारात आणली. खेड्यांत ती विकायला बचत गटांच्या बायकांना सोबत घेतलं, मराठवाड्यातल्या सुद्धा. चूल खरोखर चांगली होती. पण तिला लागायच्या शेतीच्या टाकाऊ मालापासून बनवलेल्या कांड्या. त्या कांड्यांचा कच्चा माल उद्योगांनाही हवा होता. भाव चढले, कांड्या महागल्या, परदेशी कंपनी बाहेर पडली आणि लाखो चुली पडून राहिल्या. घराघरांत जाऊन चूल विकणारी बाई गावातच राहते. कंपनीचा पत्ता तिला कुणी विचारत नाही, तिचाच दरवाजा वाजवतात. विक्रीच्या साखळीत बाईला शेवटच्या टोकाला बसवणं आणि कांड्यांचा दर ठरवताना तिला न विचारणं, याला भागीदारी म्हणायचं का?

त्याच्या शेजारी ‘माविम’चं उदाहरण ठेवावं. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. रोममधल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने त्याने १९९० च्या दशकापासून बचत गटांचं काम केलं आणि २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राबवला. त्यातली टिकाऊ गोष्ट म्हणजे लोकसंचालित साधन केंद्र: काही गावांच्या गटांचं मिळून एक कार्यालय, कार्यकारिणी बायकांची, खर्च गटांकडून मिळणाऱ्या सेवाशुल्कातून. परदेशी निधी थांबला तरी दिवा चालू राहावा, अशी रचना पहिल्यापासून केलेली. सगळी केंद्रं उत्तम चालतात असं मुळीच नाही. पण संवाद सहायकांसारखं पदच पुसलं जाण्याची वेळ यांच्यावर आली नाही.

एक एकर

२०१२ पासून मराठवाड्यावर दुष्काळ बसला आणि लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच काळात बचत गटांतल्या या सखींनी घरात एक मागणी केली: अख्ख्या शेतातलं एक एकर, नाहीतर अर्धा, माझ्या मर्जीने पेरू द्या. सोयाबीन तुम्ही पेरा.

असं एक एकर मी धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात पाहिलं. बांधाच्या अलीकडे सोयाबीन, एका रंगाचं, सपाट. पलीकडे तूर, मधल्या ओळींत मूग नि उडीद काढून झालेले, कडेला भेंडी, गवार, दोडक्याचा वेल, एका तुकड्यात ज्वारीची तयारी, शेवग्याची दोन झाडं, कोपऱ्यात गांडूळखताचा वाफा. घरचं बी डब्यांत, राखेत ठेवलेलं. मालक, म्हणजे तिचा नवरा, बांधावर उभा होता. दुष्काळात सोयाबीन गेलं तेव्हा घरात खायला या तुकड्यातलंच होतं, हे त्याने स्वतः सांगितलं. त्यानंतर तिचं एक एकर दीड झालंय. कोणतं पीक, कुणाला विकायचं, किती घरात ठेवायचं, हे ती ठरवते. या पद्धतीच्या शेतीसाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला २०१६ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. एकराची चळवळ चालू आहे.

मी तिला सातबारा दाखवायला सांगितला. तिने मुलाच्या मोबाइलवर काढून दाखवला. नवऱ्याचं नाव, दिराचं नाव. तिचं नाही. तिला पीककर्ज नाही, पीकविम्याचा अर्ज तिच्या नावाने नाही, शेतकऱ्याला म्हणून मिळणारं काहीही तिच्या नावाने नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून रेशनकार्डावर घरातली थोरली स्त्री कुटुंबप्रमुख झाली. धान्य घ्यायला प्रमुख ती, पिकवायला नाही. देशाची २०१५-१६ ची कृषिगणना सांगते, की वहिवाटीच्या खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के आहेत. औशाच्या मावशींच्या घरात त्यांच्या एकटीच्या नावाने आलेले कागद मोजके. त्यांच्या गटातल्या एकीचा पासपोर्ट आहे, जमीन नाही. जगाच्या सीमा ओलांडायला नाव चाललं, बांध ओलांडायला चालत नाही.

आणि यासाठी बीजिंग, सेंदाई किंवा जागतिक बँक, कुणाचीही वाट बघायची गरज नाही. शेतकरी संघटनेने नव्वदच्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करतील तिथे संघटनेचे नेते शरद जोशी जात. त्यापाठोपाठ १९९२ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. परिपत्रक जुनं आहे, योजना आहे, अर्ज थोडे आहेत. तलाठ्याकडे चौकशी केली तर पहिल्या फेरीला बहुधा ‘असं काही नसतं’ हे उत्तर मिळेल. दुसऱ्या फेरीला परिपत्रकाची प्रत घेऊन जावं, आणि शक्य तर वीस जणींनी मिळून जावं.

हा अंक पाडव्याच्या आसपास तुमच्या हातात पडेल. ज्यांच्या नावावर शेत आहे त्यांनी यंदा ओवाळणीत साडीऐवजी हा अर्ज घालावा.